वजन उतरलं, आता पुढे?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. ठरवलेल्या आकड्यावर काटा एकदाचा टेकला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तू विचारतोस, "आता रोज काय करायचं?" पण प्रश्न रास्त आहे. डाएट सांगणारे पावलोपावली भेटतात. ते संपल्यावर कसं जेवायचं, हे सांगायला कुणाला सवड नसते.

जेवण झालं तरी खावंसं वाटतं, निग्रह सुटत चालला की काय, असं तू लिहितोस. निग्रहाला उगाच बोल लावू नकोस. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. 1994 मध्ये त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिनही घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ आला. मग भूक वाढते आणि शरीर खर्चात हात आखडता घेतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्यांना वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही त्यांची भुकेची संप्रेरकं मूळपदावर आलेली नव्हती. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांचा हिशेब मला फार बोलका वाटतो: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र 100 कॅलरींच्या आसपास वाढते. म्हणजे मंद चयापचयाच्या नावाने आपण जेवढे खडे फोडतो, त्याहून मोठा वाटा भुकेचा असतो.

म्हणून "आता पूर्वीसारखं जेवीन" हे मनातून काढून टाक. ते जेवण त्या जड शरीराला पुरत होतं. पण जन्मभर डाएटवरही राहू नकोस, तेही टिकत नाही. ताटात थोडी थोडी भर घाल, दोन-तीन आठवडे वजन बघ, मग पुढची भर. सुरुवातीला काटा एखादा किलो वर सरकेल. त्याने घाबरू नकोस. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, पुन्हा साठतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी येतं. ती चरबी नव्हे.

माझ्या मते खरी किल्ली आहे ती एक वरची रेषा आखण्यात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक रीना विंग आणि सहकाऱ्यांनी वजन उतरवलेल्यांना रोज वजन करायला लावलं आणि साधारण सव्वादोन किलो वाढताच पुन्हा कंबर कसायला शिकवलं. दीड वर्षात तेवढं वजन परत चढलेले लोक साध्या माहितीपत्रकांवर सोडलेल्या गटात 72 टक्के होते, प्रत्यक्ष बैठकांना येणाऱ्या गटात 46 टक्के. जवळजवळ निम्म्यांचं तरीही चढलंच, हेही लक्षात ठेव. काम अवघड आहे, तू कच्चा नाहीस. मात्र काट्यावरच्या आकड्याने तुझा दिवसच बिघडत असेल तर आठवड्यातून एकदा बघ. दोन किलो उतरवणं चिकाटीचं काम आहे, पण दहा किलोंपर्यंत थांबलास तर पुन्हा तोच पहिला डोंगर.

व्यायामाबद्दल थोडक्यात. वजन उतरवताना खाण्यावरचा लगाम जास्त कामाचा असतो, टिकवताना चालणं-फिरणं. बरीच वर्षं वजन टिकवणारे बहुतेक लोक रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात. एकदम तासावर उडी मारू नकोस. आठवड्यातून दोनदा वजनं उचल, डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते भरून काढायला हवेत.

आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारलंस का? एवढं वजन उतरल्यावर मात्रा बदलावी लागू शकते. आपल्या मनाने बंद करू नकोस, पण विचारायला लाजूही नकोस.

तुझी वरची रेषा किती किलोवर आखतोस ते पुढच्या पत्रात कळव. माझी तुला माहीतच आहे, आणि सध्या मी तिच्या अगदी काठावर आहे, तेव्हा फार शहाणपण शिकवत नाही.

तुझा,
विनय