चिऊच्या मेजरबद्दल

प्रिय आई-बाबा,

रविवारी चिऊने फोनवर सांगितलं की ती हिस्टरीत मेजर करणारे, म्हणजे कॉलेजात मुख्य विषय हिस्टरी घेणारे, तेव्हा तुम्ही दोघं एकदम गप्प झालात. नंतर आईने हळूच विचारलं, मग डॉक्टरकीचं काय? तेव्हापासून मनात तेच घोळतंय, म्हणून नीट लिहितेय.

आई, आपल्याकडे बारावी सायन्स, मग नीट, मग साडेपाच वर्षं एमबीबीएस, त्यामुळे आर्ट्स घेतलं की संपलं असं तुला वाटणारच. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची डिग्री, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग. प्री-मेड म्हणजे बहुतेक कॉलेजात वेगळी डिग्री नसतेच, ती नुसती तयारी, साधारण एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री. हे ती करतेच आहे. मेजर मात्र काहीही चालतो. निम्म्याहून जास्त मुलं बायोलॉजीसारखेच विषय घेतात पण हिस्टरी-फिलॉसॉफीवाल्यांना ॲडमिशन मिळायचं प्रमाण काही कमी नाही. एमकॅट म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा, तिच्या चार भागांपैकी एक तर नुसते उतारे वाचून उत्तरं द्यायची, तेही ह्युमॅनिटीज आणि समाजशास्त्राचे, आणि 2015 पासून एक भाग सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा आहे.

काळजी मलाही आहे. सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, मेडिकलच्या ॲडमिशनसाठी वेगळा काढतात, हिस्टरीतल्या ए ने केमिस्ट्रीतला बी झाकला जात नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलंय.

पण बाबा, थँक्सगिव्हिंगला ती घरी आली होती तेव्हा तुम्ही हवे होतात. डायनिंग टेबलवर ऑरगॅनिकचं मॉडेल किट पसरलेलं, काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, आणि ही आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन रेणू जोडून एकमेकांवर बसवायला बघतेय, ते काही केल्या बसत नाहीत. मी तिला सांगितलं, आजोबा वर्गात डावी-उजवी चप्पल हातात धरून हेच शिकवायचे. तिने लगेच दारातून स्वतःच्या चपला आणल्या!

आणि त्याच टेबलवर तिचा 1897 च्या पुण्यातल्या प्लेगवरचा पेपर होता. जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्यांचा यशवंत डॉक्टर होता, हे सगळं ती मला जेवण थंड होईपर्यंत सांगत होती. मग म्हणाली, मम्मा, औषधपाणी मिळत असताना लोक आजारी माणसं घरात लपवून का ठेवत होते? मी म्हटलं सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, माणसं उचलून न्यायचे, म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला डॉक्टर व्हायच्या आधी हे कळायला हवं. मला ते पटलं, अगदी आतून पटलं.

बाबा, तुमची आजी सांगायची ना, उंदीर मरून पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं? चिऊला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, रेकॉर्ड करणारे. येत्या रविवारी थोडा वेळ काढून ठेवा, घसा बरा असेल तर.

आणि आई, मेजर बदल असं तिला सांगू नकोस गं. तू सांगितलंस तर ती खरंच बदलेल.

तुमची,
माई