काकू, बैठक उघडी ठेवलीत म्हणून

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

सरांच्या श्रद्धांजली सभेत सगळे भरभरून बोलले. कुणी त्यांच्या तबल्याबद्दल, कुणी प्रयोगवहीतल्या लाल शेऱ्यांबद्दल. तुम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकत होतात. सभा सरांची होती, त्यामुळे तुमच्याबद्दल कुणी बोललं नाही. ते चारचौघांत बोललं गेलं पाहिजे असं मला फार वाटतं, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

सरांचा जन्म निजामाच्या राजवटीतला. त्यांचे वडील उर्दूतून शिकलेले, आणि पदवीसाठी तेव्हा हैदराबादच गाठावं लागायचं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, त्यानंतरच्या पहिल्या पिढीतले सर बी.एस्सी. गाणं आलं ते गावच्या भजनातून आणि पखवाजातून. पुढे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत ते विशारद झाले. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा होती, संगीताची नव्हती. मग संगीत भरायचं तुमच्या बैठकीत, संध्याकाळी, फुकट.

तुमचं ते सेलूचं माळवदाचं घर. एका कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा, देवळीत बीकर आणि परीक्षानळ्या, सतरंजीवर पेटी. त्या बैठकीत सुरुवातीला फक्त मुलंच असायची. आमच्या अण्णांचं म्हणणं, पोरीच्या जातीनं दिवस मावळताना मास्तरांच्या घरी कशाला जायचं? अण्णा वाईट नव्हते, गावाला घाबरायचे. एके दिवशी तुम्ही स्वतः आमच्या दारात आलात. पदर सावरून ओसरीवर टेकलात आणि म्हणालात, "भाऊ, मी घरातच असते. लेकीला पाठवा. अंधार पडला की मी आणून सोडते." आणि खरंच सोडत राहिलात. लाईट गेलेली असली की हातात बॅटरी, मागे आम्ही पोरी, आणि एकेकीच्या दारात थांबून "आली बरं का हो" म्हणून तुमची हाक. माझ्यानंतर आमच्या गल्लीतल्या बाकीच्या पोरी यायला लागल्या, त्या तुमच्या या हाकेच्या भरवशावर.

त्या बैठकीत आम्हाला काय मिळालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण बाकीच्यांना कळावं म्हणून लिहिते.

तबल्याच्या मधोमध काळी शाई कशाला लावतात, असं एकदा कुणीतरी विचारलं. सर उठले आणि तुमचा रांगोळीचा डबा घेऊन आले. तबल्यावर चिमूटभर रांगोळी भुरभुरली, करंगळीशेजारचं बोट हलकेच टेकवलं आणि 'ना' हा बोल वाजवला. पुन्हा. पुन्हा. रांगोळी थरथरत सरकली आणि त्या बोटापासून समोरच्या काठापर्यंत तिची सरळ रेघ जमली. "इथं कातडं हलत नाही. आजूबाजूला हलतंय," सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज नुसता घुमतो. मधल्या शाईच्या वजनानं ते जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हे १९२० साली दाखवून दिलं होतं, नोबेलच्या दहा वर्षं आधी. रामन यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, तबल्यापाशी. डबा अर्धा झालेला पाहून तुम्ही काही बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी नवी रांगोळी आणलीत.

दुसरी आठवण रेल्वे फाटकाजवळची. हिवाळ्याचे दिवस, परभणीकडे जाणारी गाडी यायची वेळ. सरांनी आम्हाला रुळांपासून चांगलं लांब उभं केलं आणि म्हणाले, "भोंगा ऐका. येतानाचा सूर धरून ठेवा, जातानाचा सूर धरा. दोन्हींत अंतर किती ते गाऊन दाखवा." गाडी धडधडत आली, भोंगा वाजतच राहिला, आणि इंजिन समोरून गेलं त्या क्षणी सूर खाली घसरला. आम्ही गाऊन पाहिलं. रे, सा. सरांचा चेहरा असा उजळला! खाली बसून काटकीनं त्यांनी मातीत गणित मांडलं. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गाडीचा वेग २० मीटर धरला, तर येतानाच्या आणि जातानाच्या सुराचं गुणोत्तर ३६० भागिले ३२०, म्हणजे नऊ अष्टमांश. आणि शुद्ध रे आणि सा यांचं गुणोत्तरही नऊ अष्टमांशच. "म्हणजे गाडी ताशी ७२ किलोमीटरनं गेली. घड्याळ लागलं नाही, लेकरांनो, कान लागला." हे आमच्या पुस्तकात नव्हतं, परीक्षेला तर नव्हतंच.

दौलताबादच्या सहलीला तुम्ही आदल्या रात्री जागून धपाटे केले होते. बाकीच्यांना तोफ आणि अंधारी बघायची घाई. सरांनी मात्र पायथ्याशीच बसवून सांगितलं, की तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या दरबारात, इथंच शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून आलेले, स्वतः राजाच्या हिशेबखात्यातला अधिकारी, वैद्यकही जाणणारा. म्हणून त्या ग्रंथात स्वरांच्या आधी माणसाचा देह कसा घडतो ते येतं. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, पटवायला त्यानं दोन वीणा घ्यायला सांगितल्या. एक तशीच ठेवायची, दुसरीच्या तारा एकेका श्रुतीनं उतरवत न्यायच्या आणि कुठला स्वर कुठं जाऊन मिळतो ते ऐकायचं. "हा प्रयोग आहे," सर म्हणाले, "आणि तो आपल्या मराठवाड्यात लिहिला गेलाय." मागासलेला भाग, मागासलेला भाग असं ऐकत वाढलेल्या आम्हा पोरांना ते वाक्य किती पुरलं, काय सांगू!

आज मी छत्रपती संभाजीनगरला कानांची तपासणी करते. पेशंटला बंद खोलीत बसवून वेगवेगळ्या हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, सूर ऐकवायचे. २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. यंत्र शिकवणाऱ्यांनी हे आकडे पाठ करायला सांगितले होते. मला पाठ करावे लागले नाहीत. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे पुढच्या सप्तकातला सा. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांपाशी वर्षानुवर्षं काम केलेली माणसं येतात, त्यांच्या ऐकण्याचा आलेख बहुतेक वेळा ४००० पाशी खचलेला असतो. बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट कळत नाहीत म्हणतात. त्यांना मी सरांसारखंच गाऊन समजावते, आणि त्यांना ते कळतं.

अण्णांच्या ओसरीवर तुम्ही टेकला नसता, तर यातलं काहीही माझ्या वाट्याला आलं नसतं. सरांकडे विद्या होती. ती पोरींपर्यंत पोचवण्याची वाट तुम्ही केलीत, आणि घरची चूल सांभाळून, कुणी विचारायच्या आत केलीत. मनापासून आभार मानते, काकू.

सर गेल्यावरही तुम्ही बैठकीला कुलूप लावलं नाहीत, शेजारच्या पोरी पेटीवर बसतात, हे फोनवर कळलं तेव्हा फार बरं वाटलं. तानपुऱ्याच्या तारांना गुंजन देणारी जवारी बिघडली आहे म्हणालात. मी रविवारी येते, तो मिरजेच्या कारागिरांकडे नेऊन नीट करून आणण्याचं माझ्याकडे लागलं. सरांच्या वह्याही काढून ठेवा, आम्ही काही जण मिळून त्यांच्या प्रती काढणार आहोत. आणि त्या पोरींपैकी कुणाच्या घरचे नको म्हणत असतील, तर मला सांगा. त्यांच्या ओसरीवर या वेळी मी जाऊन बसेन.

तुमची लेक,
सेलूची एक विद्यार्थिनी