अरामी प्रार्थना ठाण्यात आहे आणि अलिबागलाही आहे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत येशूच्या अरामी, म्हणजे तो स्वतः बोलायचा त्या भाषेतल्या, प्रार्थनेवर लेख आला तो वाचून हे पत्र लिहितेय. आधी सांगते की आनंदच झाला, कारण नाताळ जवळ आला की केक, मिडनाइट मास आणि बांद्र्याची गर्दी यापलीकडे आमच्या धर्माबद्दल मराठी पेपरात फार काही येत नाही, आणि इथे कोणीतरी थेट भाषेपर्यंत गेलं. पण त्या लेखात "मूळ अरामी प्रार्थना" म्हणून जे छापलं होतं, "विश्वाला जन्म देणाऱ्या" अशी हाक आणि पुढे प्रकाश, श्वास, कंपनं वगैरे, ते बरीच वर्षं व्हॉट्सॲपवर पण फिरतंय आणि आमच्या चर्चमधल्या ग्रुपवरही दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कोणीतरी टाकतंच, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं असं मला वाटतं. ते वाचून कुणाला शांती मिळत असेल तर जरूर वाचावं, पण ते भाषांतर नाहीये. एकेका शब्दाला चार-चार अर्थ जोडून विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत तयार झालेली ती नवी रचना आहे आणि अरामीचे अभ्यासक तिला भाषांतर मानत नाहीत.

येशू गालीलचा, घरीदारी अरामी बोलणारा, याबद्दल अभ्यासकांमध्ये फारसा वाद नाही. पण त्याने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आपल्यापर्यंत आली ती ग्रीकमधून, मत्तयच्या शुभवर्तमानात एक आणि लूकच्या शुभवर्तमानात जरा छोटी. यूट्यूबवर "आबून द्‌बश्माया" अशी सुरुवात होणारी गायलेली प्रार्थना असते, खाली लिहिलेलं असतं की हे येशूचे खरे शब्द, ती सिरियाक आहे, म्हणजे अरामीचीच एक बोली, पण एदेसाची, आताच्या तुर्कस्तानातलं उर्फा. ती येशूनंतर ग्रीकवरून त्या बोलीत आलेली आहे. पण म्हणून ती खोटी होत नाही, दीड हजार वर्षांहून जास्त काळ माणसं ती रोज म्हणतायत, लग्नात आणि मयताला म्हणतायत, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तिथे आहे.

मग अरामीतून सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणुकीबद्दल काही कळतं का? भरपूर कळतं, फक्त ते गुप्त अर्थात शोधू नये, ज्यांनी ही भाषा प्रार्थनेत जपली त्या माणसांकडे शोधावं.

सगळ्यात आधी ज्यू लोकांकडे. त्यांची कद्दीश ही प्रार्थना जवळजवळ पूर्ण अरामीत आहे आणि ती सुरू होते देवाचं थोर नाव मोठं होवो, पवित्र मानलं जावो, त्याचं राज्य तो लवकर स्थापन करो, अशी. आता आपली प्रभूची प्रार्थना आठवा, तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो. कद्दीशचं आजचं रूप नंतर पक्कं झालं, पण सांगायचं हे की येशू आपल्या लोकांमध्ये, आपल्या लोकांच्या पद्धतीने प्रार्थना करत होता, आकाशातून पडलेली वेगळी गूढ भाषा बोलत नव्हता. हे ख्रिस्ती माणसाने शांतपणे मान्य केलं तर ज्यूंबद्दलचे किती जुने पूर्वग्रह आपोआप गळून पडतात. आणि ही कद्दीश ऐकायला इस्रायलला जायला नको, आपले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल, ती ठाण्यात, अलिबागला, मुंबईत म्हणतायत. १८७४ साली पुण्यात मराठी-हिब्रू हग्गादा छापली गेली, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक, त्यात सुरुवातीला "हा लहमा" हा उतारा येतो तो अरामी आहे, ही कष्टाची भाकर, ज्याला भूक असेल त्याने यावं आणि खावं. कोकणातल्या घरांमध्ये पिढ्यानपिढ्या हे म्हटलं गेलंय आणि आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही!

दुसरी गोष्ट, पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे बघा. करिंथ हे ग्रीक बोलणारं शहर, तिथल्या लोकांना प्रेषित पौल ग्रीकमध्येच पत्र लिहितो आणि शेवटी मध्येच "माराना था" असं अरामीत लिहून जातो, म्हणजे प्रभू ये. समजावून पण सांगत नाही, म्हणजे त्यांना ते पाठ होतं. डिडाखे म्हणून फार जुनं छोटं ख्रिस्ती पुस्तक आहे, त्यात जेवणानंतरच्या प्रार्थनेच्या शेवटी हेच येतं, आणि त्याच पुस्तकात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असंही सांगितलंय. रोम आणि गलतीयातल्या लोकांना लिहिताना पौल "अब्बा", म्हणजे बाबा, हा अरामी शब्द तसाच ठेवतो. भाषा बदलली, देश बदलला, तरी पहिल्या माणसांच्या तोंडचे हे शब्द लोकांनी सोडले नाहीत, मला यात त्यांचं प्रेम दिसतं आणि दर वेळी वाचताना भरून येतं.

आणि तिसरं म्हणजे सिरियाक भाषेतले संत, ज्यांच्याबद्दल आम्हा वसईच्या कॅथलिकांना कॅटेकिझमच्या वर्गात कधी धड शिकवलं गेलं नाही. संत एफ्रेम साधारण ३०६ साली निसिबिसला जन्मला, ३६३ मध्ये ते शहर पर्शियाच्या ताब्यात गेल्यावर निर्वासित होऊन एदेसाला आला आणि ३७३ मध्ये तिथेच वारला. त्याने देवाबद्दलचा विचार लोकांना गाता येईल अशा गीतांमध्ये लिहिला आणि ती गीतं बायकांच्या गायनवृंदांना शिकवली, पुढे सरूगच्या याकोबाने, तोही सिरियाक कवी, त्याचं याच गोष्टीसाठी मोठं कौतुक केलंय. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओवीत छापलं तेव्हा त्याच्याही मनात हेच असणार की शिकवण लोकांच्या तोंडी बसली पाहिजे. एफ्रेमच्याच चौथ्या शतकातला सिरियाक लेखक अफ्राहात पवित्र आत्म्याला आई म्हणतो, देव आपला पिता आणि पवित्र आत्मा आपली आई, कारण सिरियाकमध्ये आत्म्यासाठीचा शब्द स्त्रीलिंगी आहे. पुढे आत्म्याला आई म्हणायची ही पद्धत मागे पडली. यावरून कुणी नवा पंथ काढावा असं मी म्हणत नाहीये, पण सुरुवातीचे विश्वासू लोक देवाशी किती मोकळेपणाने बोलत होते ते यातून कळतं, आणि हे सगळं चर्चच्या मान्य परंपरेतलं आहे, एफ्रेमला तर पोपनी १९२० मध्ये चर्चचा महागुरू घोषित केलंय.

आता महाराष्ट्राकडे. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मास लिहितो की कल्लिआना इथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते, बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे आपलं कल्याण. पर्शियाच्या चर्चची प्रार्थनेची भाषा सिरियाक. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले ते उतरले होते एका नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतल्या कुटुंबाकडे, आणि त्यानंतर आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक तिथे अशी पंधरा घरं असल्याचं लिहून ठेवतो. म्हणजे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती! तरी आजही आम्हाला कोणीही सहज ऐकवतं की तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला. उलट पोर्तुगीजांच्या काळात काय झालं तर गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरला सिनड म्हणजे चर्चची सभा भरवली आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सिरियाक पुस्तकांत चुकीची शिकवण आहे म्हणून कितीतरी हस्तलिखितं जाळायला लावली. मी कॅथलिक आहे आणि हे लिहिताना मला त्रास होतो, पण हे झाकून अरामीचं कौतुक करता येणार नाही. जे त्या आगीत गेलं त्यात काय काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

तरी भाषा टिकली. मुंबईतल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स, म्हणजे केरळच्या सिरियाक परंपरेतल्या, चर्चमध्ये आजही रविवारी "बारेकमोर" (प्रभो, आशीर्वाद दे) ऐकू येतं, प्रार्थना मल्याळममध्ये आणि मध्ये मध्ये सिरियाक. कोट्टयमला १९८५ पासून संत एफ्रेमच्या नावाची संशोधन संस्था आहे, तिथे सिरियाक शिकता येते. जिथून ही भाषा आली तिथे मात्र हाल आहेत, सीरियातल्या मालूला गावात लोक अजून अरामी बोलतात, तिथे २०१३ मध्ये हल्ला झाला आणि नन्सना पळवून नेलं, तीन महिन्यांनी त्या सुटल्या. २०१४ मध्ये इराकमधल्या काराकोशच्या, हीच भाषा बोलणाऱ्या, ख्रिस्ती लोकांना आयसिसमुळे एका रात्रीत घरं सोडावी लागली. त्यांची भाषा आपण फॉरवर्डमध्ये सजावटीसारखी वापरतो आणि ती माणसं आपल्याला माहीतही नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक, तुमच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून घ्या, आणि या वेळी बेने इस्रायल समाजातल्या जाणत्यांकडून आणि मुंबईतल्या मलंकरा चर्चच्या पुरोहितांकडून घ्या, त्यांना सांगण्यासारखं खूप असणार. दुसरी विनंती आमच्या धर्मप्रांताला आणि मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना, सिरियाकचा साधा सहा महिन्यांचा का होईना वर्ग सुरू करा. पंडिता रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरासाठी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये छापून आलं, तेव्हा महाराष्ट्रात हे होणार नाही असं कोणी म्हणू नये. वर्ग सुरू झाला तर वसईहून येणाऱ्यांमध्ये माझं नाव पहिलं लिहून घ्या.

आपली एक वाचक,
वसई