डिसेंबरात पुरीला निघायचं

नागपूर, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा दोन वाक्यांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आईला पोरं काय जेवली यापलीकडे काही नको असतं. आम्ही ओडिशातल्या मंगलाजोडीला पाखरं पाहून आलो, ते सांगणं त्यात राहूनच जातं. म्हणून पत्रच लिहायला घेतलं. बाबांनी चष्मा लावून वाचावं आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवावं.

निघताना बाबा म्हणाले होते, "बदकं पाहायला ओडिशाला कशाला? आपल्या तलावाच्या पाळीवर उभी राहा की." तुमचं खरं आहे. तलावात आपोआप उगवणाऱ्या देवधानात चरणारी बदकं मी तुमच्याच खांद्यावर बसून पाहिली. पण बाबा, आपल्याकडे पाळीवरून साधी सायकल गेली तरी अख्खा थवा उठतो. तिथं डोंगा अगदी जवळून गेला तरी पाखरू मान वर करत नाही. मला तुम्हाला दाखवायचंय ते हेच.

मंगलाजोडी हे चिलिकाच्या उत्तर काठावरचं मासेमारांचं गाव. भुवनेश्वरहून गाडीनं दीड-दोन तास. चिलिका म्हणजे समुद्राला लागून असलेलं खाजण. पावसाळ्यात ते ११०० चौरस किलोमीटरच्या पुढे पसरतं, उन्हाळ्यात आटून ९००च्या आसपास येतं. पाणी खारं की गोडं, हे तुम्ही विचारणारच. दोन्ही. उत्तरेकडून महानदीचे फाटे गोडं पाणी आणतात, दुसरीकडून भरतीबरोबर समुद्र आत शिरतो. मंगलाजोडी नद्यांच्या बाजूला, म्हणून तिथं बोरू-लव्हाळी माजलेली आणि पाणी कमरेएवढंच.

मधल्या काळात समुद्राकडचं तोंड गाळानं बुजत गेलं. खारेपण घटलं, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी आटली. १९८१ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलेलं हे खाजण १९९३ साली धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत पडलं. मग सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा पट्टा खोदून समुद्राला नवं तोंड करून दिलं, मासळी परत आली, आणि २००२ साली चिलिकाचं नाव धोक्याच्या यादीतून निघालं. आपल्या तलावांचा गाळ काढा म्हणून तुम्ही ग्रामसभेत इतकी वर्षं बोलता. कोणी ऐकलं नाही तर हे उदाहरण द्या.

गावाची गोष्ट मात्र याहून भारी आहे. हे गाव पूर्वी पाखरं मारणाऱ्यांचं होतं. जाळी लावून, विष घालून बदकं धरायची आणि विकायची, अंडीसुद्धा सोडायची नाहीत. पाखरं पार कमी झाली. मग काही लोकांनी गावात बसून समजूत घातली, आणि २००० साली त्याच शिकाऱ्यांनी महावीर पक्षी सुरक्षा समिती काढली. आता ते राखण करतात, डोंगे चालवतात, पाखरं दाखवतात. हिवाळ्यात तिथं लाखांनी पाखरं उतरतात. आमचा नावाडी पन्नाशीचा असेल. मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले मारता था, अब गिनता हूँ." पाखरांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ. मला निम्मीही येत नव्हती.

डोंगा लांबट, लाकडी, बांबूनं ढकलायचा. इंजिन नाही, म्हणून आवाजही नाही. बसायला फळ्या, वर ऊन लागू नये म्हणून छप्पर. सकाळी सहाला निघालो तेव्हा चांगलाच गारवा होता. (आई, स्वेटर नेला होता.)

गॉडविट नावाचं पाखरू तिथं खूप. उत्तरेकडच्या थंड मुलखातून येतं. तपकिरी अंग, लांब पाय, आणि चोच तर त्याहून नवलाची: बुडाशी गुलाबी, टोकाला काळी. ती चिखलात मुळापर्यंत खुपसतं, डोळेही पाण्याला टेकतात. चोचीचं नुसतं टोक चिखलातल्या चिखलात उघडून ते किडा धरू शकतं, पूर्ण चोच उघडावी लागत नाही. एक तर आमच्यापासून दोन हातांवर होतं. चोच वर काढली की टोकाला काळा चिखल, झटकलं, पुन्हा खुपसली. शेजारी जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोवळा दांडा तोडून पंजात धरून सोलून खात होती. पोरगी म्हणाली, "आजोबा ऊस खातात तश्शी." शेकाटे, चक्रवाक, तलवार बदकं, कमळपक्षी हे तर तुमचे ओळखीचेच.

बाजूच्या डोंग्यात एक साहेब हातभर लांबीचा कॅमेरा घेऊन नावाड्याच्या मागे लागले होते, "और पास, और पास." नावाड्यानं बांबू रोवला आणि डोंगा जागीच थांबवला. पैसे देतो म्हणाले तरी हलला नाही. मला फार बरं वाटलं.

उन्हं उतरल्यावर गावापासून टेहळणी मनोऱ्यापर्यंतच्या मातीच्या बांधावरून चालून आलो. रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना पाणी. बाबा, चालवेल तेवढं चालायचं. मनोऱ्याच्या पायऱ्या नाही चढलात तरी काही बिघडत नाही, खालूनही भरपूर दिसतं. डोंग्यात चढताना हाताला धरतात. फळी जरा खाली आहे, म्हणून उठताना गुडघा बोलेल, ते लपवत नाही. सोबत उशी नेऊ. संडास-बाथरूमची सोय मुक्कामाच्या ठिकाणी चांगली आहे, काठावर मात्र काही नाही. हे आईसाठी.

आई, तुझी जगन्नाथपुरी किती वर्षांची राहिलीय! नागपूरहून पुरीला थेट गाडी आहे, एक रात्र गाडीत काढायची. आधी दर्शन, मग मंगलाजोडी. आणि तो मुलूख काही परका नाही. १७५१ ते १८०३ तिथं आपल्या नागपूरकर भोसल्यांचाच अंमल होता. देवळासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभारला तो त्याच काळात. डॉल्फिन बघायचे तर पुरीहून सातपाड्याला जायचं, तेही चिलिकाचंच दुसरं टोक. पण पोरांनी हट्ट धरला तरच. मला विचाराल तर डोंग्यातली ती एक सकाळ बास.

धानाची मळणी नोव्हेंबरअखेर आटोपते ना? मग डिसेंबरचा मधला आठवडा धरते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास तिकिटं काढावी लागतील. खालचे बर्थ मिळतात का बघते. त्याआधी बाबांनी डॉक्टरकडे जाऊन गुडघ्याचं एकदा नीट दाखवून घ्यावं. "बघू" म्हणू नका. आधार कार्डावरची जन्मतारीख आणि वय कळवा, मागच्या वेळी तिकिटावर काहीतरी वेगळंच पडलं होतं.

तुमची,
वैशू

ता. क. : आई, मोहाचं लोणचं संपत आलंय. येणाऱ्या कोणाजवळ तरी पाठव.