डब्याची वेळ आणि बागेचे कुलूप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरदार तरुणांमध्ये मधुमेह आणि लठ्ठपणा वाढत असल्याबद्दल आपल्या दैनिकात अलीकडे जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांनी सगळा दोष तरुणांच्या आळसाला दिला आहे. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लेखा विभागात आठ वर्षांपासून नोकरी करते, माझे वय ३१ आहे, आणि या आरोपात तथ्य थोडे व अन्याय अधिक आहे असे मला वाटते. आमचा दिवस ज्या रीतीने आखलेला असतो, त्यात नीट जेवायला आणि चालायला वेळच ठेवलेला नसतो. तो काढता येतो, पण एकट्याच्या निश्चयावर तो फार दिवस टिकत नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.९ टक्के आले. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. घरी आईच्या शिवणकामाच्या टेपने कंबर मोजली, तर ती ८७ सेंटीमीटर भरली. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर आपणही उभे आहोत, हे तपासणीच्या त्या कागदामुळे मला कळले.

हिशेब ठेवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी आठवडाभर खाण्यापिण्याचाही हिशेब ठेवला. दिवसाकाठी पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातील वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी. दुपारचा डबा दोन वाजता उघडायचा, तोही संगणकासमोरच, एक हात माऊसवर ठेवून. निम्मा डबा तसाच परत जायचा आणि पाच वाजता भूक अनावर झाली की कचोरी किंवा समोसा मागवला जायचा. महिनाअखेरीस रात्रीचे आठ वाजले की जेवण दहाला आणि झोप अकराला. या दिनक्रमाला आळस म्हणणाऱ्यांनी एक महिनाअखेर आमच्यासोबत काढून पाहावी.

अन्नाच्या बाबतीत मात्र आमच्याही काही चुका आहेत, आणि त्या कबूल केल्या पाहिजेत. माझे माहेर अंबाजोगाईजवळचे. ज्वारीची भाकरी, हुलग्याची उसळ, करडईची कोवळी भाजी, जवसाची चटणी यांवर आम्ही वाढलो; तरी नोकरी लागल्यापासून मी डब्यात भाकरी नेली नाही. दुपारपर्यंत ती वाळते हे कारण मी सांगायचे, पण खरे कारण संकोच हेच होते. वाळण्यावर तर आईने एका वाक्यात उपाय सांगितला: भाकरी निववून मग सुती फडक्यात गुंडाळावी, नाहीतर सरळ धपाटे करावेत, ते संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतू (फायबर) असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नसतो. अर्थात भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही, असा जो समज पसरवला जातो तो चुकीचा आहे. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पोळीतही तंतू पुरेसा असतो. खरा प्रश्न मैद्याचा, तळणाचा आणि ताटातल्या डाळ-उसळीच्या कमतरतेचा आहे. आता मी डब्यात उसळ वाढवली आहे आणि पाच वाजता मूठभर फुटाणे व एक काकडी खाते.

चहाचा प्रश्न एकटीने सुटला नसता. आम्ही सहा-सात जणींनी विनंती केल्यावर चहा बिनसाखरेचा येऊ लागला आणि साखरेचा डबा शेजारी वेगळा ठेवला जाऊ लागला. महिनाभराने चहा देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पंधरा दिवसांत संपणारा डबा अजून अर्धा आहे." दुपारचा अर्धा तास जागेवरून उठून जेवण्यासाठी आणि त्यातली दहा मिनिटे आवारात चालण्यासाठी मिळावा, ही विनंतीही मान्य झाली. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून ती दहा मिनिटे मोलाची आहेत. फेब्रुवारीत पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ५.७ होता आणि कंबर ८४. अजून बराच पल्ला बाकी आहे.

अडते ते व्यायामाशी. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. पण दोन वेळचा स्वयंपाक करून नोकरीला जाणाऱ्या बाईला पहाट मोकळी नसते, आणि "घरकाम हाच बायकांचा व्यायाम" असे म्हणणारे तिला संध्याकाळही मोकळी सोडत नाहीत. मी साडेसातला घरी पोहोचते. आमच्या भागातील बागेला आठ वाजता कुलूप लागते. बाहेरच्या रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद असतात, पदपथावर हातगाड्या असतात, तिथे एकट्या बाईने भराभर चालावे कसे? आमच्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठलाच ऊन चटका देऊ लागते, त्यामुळे नोकरदारांना खरा उपयोग रात्रीच्या वेळेचाच आहे.

संबंधितांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे की, शहरातील बागा उन्हाळ्यापुरत्या तरी पहाटे पाच ते नऊ आणि सायंकाळी पाच ते दहा खुल्या ठेवाव्यात, आणि त्यांच्याभोवतालच्या रस्त्यांवरील दिवे सुरू करावेत. खानावळी व मेस चालवणाऱ्यांनीही आठवड्यातून दोन दिवस भाकरी आणि रोज एक उसळ ठेवली, तर खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींची मोठी सोय होईल. सध्या गावोगावी रब्बी ज्वारीची काढणी सुरू आहे, तेव्हा धान्याची अडचण येऊ नये.

आपली विश्वासू,
एक नोकरदार वाचक,
छत्रपती संभाजीनगर