त्याच्या मजल्यावरचे तीस जण

प्रिय रेवा,
अनेक आशीर्वाद.

जागल्यांवरच्या, म्हणजे आपल्याच कचेरीतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांवरच्या, तुझ्या फिल्मचा रफ कट पाहिला. मोर्चे आणि सभा तू बऱ्याच कापल्यास, ते फार बरं केलंस. घोषणांची प्रेक्षकाला लवकर सवय होते, मग त्या ऐकूच येईनाशा होतात. फायलींवरचे शेरे वाचून दाखवतेस तो भाग मला सगळ्यात आवडला. पण त्या अधिकाऱ्याच्या मुलाखतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्याचा चेहरा तू अंधारात ठेवलास, आवाजही बदललास. तरी बोलता बोलता तो चष्मा काढतो, अंगठ्याने नाकाची कड चोळतो आणि दर दुसऱ्या वाक्याला ‘म्हणजे बघा’ म्हणतो. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. तिथली माणसं एकमेकांना पाठमोरी ओळखतात, जिन्यावरच्या पावलांवरून ओळखतात. हजारो प्रेक्षकांना तो कोण हे कधीच कळणार नाही. त्याच्या मजल्यावरच्या तीस जणांना मात्र पहिल्या मिनिटात कळेल, आणि त्याचं वाईट करू शकणारे नेमके तेच आहेत.

‘सिटिझनफोर’ या माहितीपटात अमेरिकी सरकारची छुपी पाळत उघड करणारा स्नोडेन चेहरा लपवत नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. पण हाँगकाँगच्या त्या हॉटेलात दिग्दर्शिका लॉरा पॉइट्रासचा कॅमेरा सुरू झाला, तेव्हा तो नोकरी आणि घर मागे टाकून आला होता. जून २०१३ मध्ये नाव जाहीर झालं तेही त्याने स्वतः ठरवून. आगीची घंटा वाजते आणि खोलीतले सगळे बोलायचे थांबतात, तो प्रसंग आठव. तिथे प्रत्येकाला माहीत आहे की आपण कशात आहोत. तुझा माणूस सोमवारी डबा घेऊन त्याच टेबलाशी जाऊन बसणार आहे.

कागदांचंही तसंच. २०१७ मध्ये रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या मुलीने एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा एक अहवाल छापून ‘द इंटरसेप्ट’ या बातम्यांच्या संकेतस्थळाकडे टपालाने पाठवला. खातरजमा करायला पत्रकारांनी त्याची प्रत सरकारला दाखवली. पानांवर घड्या होत्या, म्हणजे कोणीतरी छापून बाहेर नेलेला. नोंदी तपासल्या तर तो छापणारे सहाच जण निघाले. बातमी येण्याआधी तिला अटक झाली आणि पुढे पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा. पत्रकारांचा हेतू खराच होता गं, पण शिक्षा तिने भोगली. म्हणून पडद्यावर दाखवतेस तो प्रत्येक कागद आधी कोणाकोणाच्या हाती होता, हे त्या अधिकाऱ्याबरोबर बसून तपास.

आणि कागद ‘नीटनेटका’ करू नकोस. ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या कॅथरिन गनने फोडलेला, संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधींवर हेरगिरी करायला सांगणारा अमेरिकी ईमेल मार्च २००३ मध्ये ‘द ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने छापला, तेव्हा वृत्तपत्राच्या कचेरीतल्या कोणीतरी सवयीने त्यातलं अमेरिकी स्पेलिंग ब्रिटिश करून टाकलं. झालं! अमेरिकी वाहिन्यांनी तो बनावट ठरवून ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. इराकवर युद्ध लादलं जाण्याच्या तोंडावर एवढी मोठी गोष्ट दोन-चार अक्षरांपायी बाजूला पडली. तुझ्या ग्राफिक्सवाल्या मुलाला हे जरूर सांग. त्याने एका टिपणाची तारीख ठळक केली आहे, ती मूळ कागदावर तशी नाही.

अभियंते सत्येंद्र दुबेंचं तुला मी काय सांगू! सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला. आपलं नाव गुप्त ठेवा, असं त्या पत्रातच लिहिलं होतं. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटारूंनी केलेला खून ठरला. तरी त्यांचं नाव ज्यांच्या टेबलांवरून पुढे गेलं, त्यांतल्या एकाही हाताला ते झाकावंसं वाटलं नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मीही तशाच टेबलांमध्ये बसले आहे.

तू हा विषय सोडावास म्हणून मी हे लिहीत नाही. व्हिएतनाम युद्धाबद्दलचे अमेरिकी सरकारचे गुप्त कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गच्या खटल्यात त्याच्या वकिलाने विचारलं, ‘तुम्ही या कागदांच्या प्रती का काढल्या?’ सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. ज्या माणसावर ११५ वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार होती, त्याला ज्यूरीपुढे ‘का’ हे सांगताच आलं नाही. सरकारचेच गैरप्रकार उघडे पडले म्हणून १९७३ मध्ये तो खटला निकालात निघाला. ते ‘का’ सावकाश, मध्ये न तोडता ऐकून घेणं तुझ्या फिल्मला जमतं, म्हणून ती पुरी व्हायला हवी.

त्याच एल्सबर्गने सात हजार पानं झेरॉक्स केली, तेव्हा त्याचा तेरा वर्षांचा मुलगा यंत्राशी उभा होता आणि दहा वर्षांची मुलगी कात्रीने ‘अतिगोपनीय’चे शिक्के कापत होती. जागल्याचं अख्खं घर त्यात ओढलं जातं. तुझ्या फिल्ममध्ये त्या अधिकाऱ्याची बायको एकदाच, चहा ठेवून जाताना दिसते. संमतीपत्रावर सही त्याची एकट्याची आहे. ती वर्षापूर्वीची, आणि तेव्हा त्याची बदली झालेली नव्हती. फिल्मचं संकलन लॉक, म्हणजे पक्कं, करण्याआधी दोघांना समोर बसवून पूर्ण कट दाखव. नको म्हणाले, तर तो भाग काढ, कितीही चांगला असला तरी. आवाज अभिनेत्याकडून घे, हातांच्या जागी फायली दाखव, वाट निघेल.

उत्तरात बाकीचं नंतर लिही. आधी एवढंच कळव, त्याच्या बायकोशी बोललीस का?

तुझी,
आई