व्याख्याने पुरे, पहिले बिल फाडायला शिकवा

संपादक महोदय,

पदवीनंतर विद्यार्थ्यांनी स्वयंरोजगाराकडे वळावे म्हणून नागपुरातली महाविद्यालये प्रेरणादायी व्याख्याने ठेवतात. हेतू चांगला आहे, पण उणीव प्रेरणेची नाहीच.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो. काम हवेसे वाटते का, आपली माणसे काय म्हणतील आणि आपल्याला ते जमेल का. पहिली गोष्ट मुलांमध्ये भरपूर आहे. ज्यांच्या घरी दुकान, गॅरेज किंवा केटरिंग आहे त्यांची दुसरी अडचण बरीच हलकी होते, कारण उधारी आणि मंदी त्यांनी लहानपणापासून जेवताना ऐकलेली असते. नोकरदार घरात मात्र स्पर्धा परीक्षेसाठी चार वर्षे थांबणे चालते, धंद्यासाठी एक वर्ष मागितले की वाद होतात. तिसरी गोष्ट ऐकून येत नाही. शिकत असताना शिकवण्या घेऊन, मोबाइल दुरुस्त करून, डबे पुरवून चार पैसे कमावलेल्यालाच ‘जमेल’ असे मनापासून वाटते.

एवढे असूनही गाडी अडते ती खेळत्या भांडवलाशी, म्हणजे धंदा रोज चालू ठेवायला लागणाऱ्या पैशाशी. समजा, हिंगण्याच्या कारखान्यांना पॅकिंगचे खोके पुरवायचे आहेत. कच्चा माल 40,000 आणि मजुरी, भाडे, वीज 20,000, असा महिन्याचा खर्च 60,000 रुपये. पैसे 60 दिवसांनी आले तर 1,20,000 उधारीत अडकतात. पंधरा दिवसांच्या कच्च्या मालाचे 20,000 धरले की 1,40,000 झाले, आणि हे मशीनच्या किमतीशिवाय. कर्जासाठी बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालाला मशीनचे कोटेशन नीट जोडलेले असते, या रकमेच्या जागी मात्र अंदाजाने काहीतरी लिहिलेले असते. मग मशीन धडधाकट आणि ऑर्डर हातात असतानाही चौथ्या महिन्यात शटर खाली येते.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने माल घेणाऱ्याला सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. या संरक्षणासाठी लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे असा उद्योग म्हणून होणारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन, मोफत होते. ती पहिला माल पाठवण्याआधीच करावी, नंतर केली तर आधीच्या बिलांवर हक्क सांगताना वाद होतो.

अनुदानाबद्दलचा गैरसमज तर फारच महाग पडतो. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात खुल्या प्रवर्गातील शहरी अर्जदाराला 15 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे 10 टक्के घालायचे असतात. पाच लाखांच्या प्रकल्पात 50,000 खिशातून, तर अनुदानाचे 75,000 तीन वर्षे बँकेत अडकून राहतात आणि नंतर कर्जात वळते होतात. ते हातात येतील या हिशेबाने पहिला हप्ता ठरवणाऱ्या विद्यार्थ्याचे हप्ते पहिल्याच वर्षी थकतात.

विद्यापीठाला आमची विनंती नेमकी आहे. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला) चार श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे साधारण 120 तास आहेत. इच्छुकांना त्यात स्वतःचा छोटा व्यवसाय चालवू द्यावा. एक खरे गिऱ्हाईक मिळवणे, कोटेशन देणे, बिल फाडणे, वसुली करणे आणि रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहिणे एवढेच काम. गुण सादरीकरणाला देऊ नयेत, कीर्द आणि बँकेचे पासबुक तपासून द्यावेत. यातून काहींचा उत्साह ओसरेल. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांकडून छोट्या कंपन्या चालवून घेतल्या तेव्हा व्यवसायाची इच्छा घटल्याचे 2010 च्या एका अभ्यासात आढळले होते. तरीही हा प्रयोग करावा. वडिलांची ठेव मोडून धंदा आपला नव्हे असे कळण्यापेक्षा ते ट्रेनिंगच्या सत्रात, दोन-तीन हजारांत कळलेले बरे.

जिल्हा उद्योग केंद्र आणि अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांच्या कर्जकामाचा समन्वय करणाऱ्या बँकेच्या) अधिकाऱ्यांनी त्याच सत्रात एक दिवस महाविद्यालयात बसून मुलांचे प्रकल्प अहवाल तपासावेत. त्या दिवशी पालकांनाही बोलवावे.

– वाणिज्य शाखेचे काही प्राध्यापक, नागपूर